चिल्लरीवरचे सम्राट

दोन खेचरं चरताहेत. एकाचं तोंड डावीकडे, दुसऱ्याचं उजवीकडे. मानेवर जू नाही. मागे गाडी सोडून ठेवलेली आहे आणि तिच्या दांड्या वर आभाळाकडे गेल्या आहेत. सम्राट नर्व्हाच्या टांकसाळीने इ.स. ९७ मध्ये हे चित्र पितळेच्या नाण्यावर ठोकलं. पुढच्या बाजूला खुद्द नर्व्हा: बाकदार नाक, हडकुळी मान, डोक्यावर लॉरेलच्या पानांचा मुकुट. मागच्या बाजूला ही खेचरं, आणि कडेने लॅटिन अक्षरांत घोषणा की इटलीवरची गाड्या-जनावरांची वेठ माफ केली आहे.

वेठ म्हणजे काय, हे आपल्याकडे वेगळं समजावून सांगायला नको. सरकारी टपाल आणि सरकारी माणसं रस्त्याने निघाली की वाटेतल्या गावांनी खेचरं द्यायची, गाड्या द्यायच्या, मुक्कामाची सोय करायची. मोबदला ठरलेला असे. तो हातात पडेलच असं नाही. तुर्कस्तानात सगालासॉस या प्राचीन शहराच्या मुलखात टायबेरियसच्या काळातला एक शिलालेख मिळाला आहे. त्यात दरच कोरलेत: ठरलेल्या टप्प्याला गाडीमागे १० आस, खेचरामागे ४ आस, खेचराऐवजी गाढवं घेतली तर त्याच दरात २. काही जण मनमानी करतात म्हणून हे नियम पुन्हा बजावावे लागताहेत, असंही तिथल्या अधिकाऱ्याने सुरुवातीलाच नमूद केलंय. आस म्हणजे तांब्याचं नाणं. ज्याची खेचरं ओढून नेली जात त्या शेतकऱ्याचा हिशोब तांब्यात होता, आणि ती सुटल्याची बातमीही त्याच्यापर्यंत पितळेवरून पोचणार होती.

यंदाच्या अंकाचं सूत्र ‘पैसा’ असं संपादकांनी कळवलं, तेव्हा त्यांच्या मनात भारतात सापडणारं रोमन सोनं होतं. त्या सोन्यावर आपल्याकडे चांगलं लिहून झालंय. मला मात्र चिल्लर हवी होती. सोनं सैन्याचे पगार, सावकार आणि दूरचा व्यापार यांतून फिरलं. तांबं-पितळ भाकरी, मसूर, दारू आणि स्नानगृह यांतून. ज्या हातांनी कधी राजवाडा पाहिला नाही, ज्यांतल्या कित्येकांना अक्षरं लागत नव्हती, त्यांच्याशी सत्ता याच धातूवरून बोलत होती. आणि ते हातही गप्प बसले नव्हते, हे या शोधात मला अधिकाधिक जाणवत गेलं.

सोनं तिजोरीत, तांबं गल्ल्यात

पाँपेईच्या मुख्य रस्त्याने चालताना दर काही पावलांवर दगडी कट्टे लागतात. कट्ट्यात मातीचे रांजण बसवलेले, तोंडं कट्ट्याच्या पातळीला. या शहरातल्या खानावळी. व्हेटुशियस प्लासिडसच्या दुकानापाशी मी बराच वेळ थांबले. कट्ट्यामागच्या भिंतीवर देव्हारा रंगवलेला आहे. मधे घराचे रक्षक देव, एका टोकाला व्यापाराचा देव मर्क्युरी, दुसऱ्या टोकाला मद्याचा देव डायोनायसस, खाली साप. गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाला ज्यांची कृपा हवी, नेमके तेच देव. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेने हे सगळं गाडलं. पुढे खोदकाम करणाऱ्यांना इथल्या एका रांजणात हजाराहून अधिक नाणी मिळाली. जवळजवळ सगळे आस आणि क्वाड्रान्स. म्हणजे खानावळीच्या गल्ल्यात असावी तशी निव्वळ चिल्लर.

हिशोब असा होता. सोन्याच्या एका ऑरियसचे चांदीचे २५ देनारियस. एका देनारियसचे ४ सेस्टर्शियस. एका सेस्टर्शियसचे ४ आस आणि एका आसचे ४ क्वाड्रान्स. मधे दोन आसचा दुपाँडियस. सार्वजनिक स्नानगृहात शिरायला एक क्वाड्रान्स पुरे. पाँपेईतल्याच एका भिंतीवर दारूचा भाव खरडलेला आहे: साधी हवी तर १ आस, बरी हवी तर २, आणि फालेर्नियन हवी तर ४. ज्याच्या खिशात ऑरियस आहे त्याला या कट्ट्यावर ४०० आसची मोड कोण देणार? सोनं इथे निरुपयोगी होतं.

संग्रहालयांच्या पाट्यांवर या सगळ्या नाण्यांना सरसकट कांस्य म्हणतात. प्रत्यक्षात ऑगस्टसने घडी बसवली तेव्हा सेस्टर्शियस आणि दुपाँडियस पितळेचे होते, आस आणि क्वाड्रान्स तांब्याचे. थोरला प्लिनी तर आससाठी सायप्रसचं तांबं वापरतात, असं सांगून जातो. आज ही नाणी हिरवी, काळपट, मातकट दिसतात. पण टांकसाळीतून नुकतं बाहेर पडलेलं सेस्टर्शियस चिंचेने घासलेल्या पितळी तांब्यासारखं लखलखत असणार. व्यास सुमारे साडेतीन सेंटिमीटर, वजन २५ ग्रॅमच्या आसपास. हातात घेतल्यावर ते जाणवतंच. एवढी मोठी जागा ना ऑरियसवर होती ना देनारियसवर, आणि म्हणूनच रोमन नाण्यांवरची सगळ्यांत भरगच्च चित्रं पितळेवर आहेत.

उलटं कोरायचं, एका घावात उमटवायचं

रोममध्ये कलोसियमपासून थोडं पुढे गेलं की सान क्लेमेंते नावाचं चर्च लागतं. बाराव्या शतकातल्या चर्चमधून पायऱ्या उतरलं की त्याच्या पोटात चौथ्या शतकातलं चर्च, आणि आणखी खाली पहिल्या शतकातली रोमन गल्ली. हवा दमट, भिंतीपलीकडून वाहत्या पाण्याचा आवाज सतत येत राहतो. इथे अवजड चिऱ्यांच्या भिंतींची एक इमारत आहे. ती साम्राज्याची टांकसाळ असावी, असं काही अभ्यासक मानतात. कारण इ.स. ११५ मध्ये, ट्राजनच्या राजवटीत, टांकसाळीतल्या कामगारांनी देवांना अर्पण केलेले लेख याच परिसरात मिळाले. एक अपोलोला, एक फॉर्च्युनाला, एक हर्क्युलिसला. हर्क्युलिसच्या लेखात कामकरी त्यांच्या कामांनुसार येतात: ठशांशी संबंधित काम करणारे, चकती ठेवणारे, घण मारणारे. गुलाम, आणि गुलामीतून सुटलेले. साम्राज्याचा चेहरा घडवणाऱ्या माणसांची नावं एवढ्या जवळून वाचायला मिळणं ही दुर्मीळ गोष्ट आहे.

काम असं चाले. ओतलेली कोरी चकती तापवायची, सांडशीने धरून ऐरणीत बसवलेल्या खालच्या ठशावर ठेवायची, वरून दुसरा ठसा टेकवायचा आणि घण घालायचा. खालच्या ठशात सम्राटाचा चेहरा, वरच्यात मागचं चित्र. दोन्ही ठसे उलटे कोरलेले, अक्षरांसकट. तेव्हाच नाण्यावर सुलटं उमटणार. वरचा ठसा घणाचा मार थेट सोसतो, म्हणून तो लवकर तडकतो. त्यामुळे एकाच चेहऱ्याच्या ठशासोबत मागच्या बाजूचे अनेक ठसे वापरले जात. आज नाणकशास्त्राचे अभ्यासक ठशातली बारीक चीर एका नाण्यापासून दुसऱ्या नाण्यापर्यंत वाढत जाताना पाहतात आणि कोणतं आधी ठोकलं, कोणतं नंतर, याची साखळी जुळवतात.

घाईच्या खुणाही राहतात. कधी ठोकलेलं नाणं वरच्या ठशाला चिकटूनच राही, आणि घण मारणाऱ्याच्या ते ध्यानात येत नसे. पुढची चकती मग त्या नाण्यावरच आपटे. अशा नाण्याच्या एका बाजूला सम्राटाचा उठावदार चेहरा आणि दुसऱ्या बाजूला तोच चेहरा, खोलगट आणि उलटा.

पितळेचीही एक गोष्ट आहे. रोमनांना जस्त वेगळं काढता येत नव्हतं. तांब्याचे तुकडे, जस्ताचं खनिज आणि कोळसा बंद मुशीत तापवला की जस्ताची वाफ तांब्यात मुरे आणि पितळ होई. पण जुनी नाणी वितळवून नवी पाडायची म्हटलं, की प्रत्येक वेळी थोडं जस्त वाफ होऊन उडून जाई. दुसऱ्या शतकाच्या ओघात सेस्टर्शियसमधलं जस्त असं कमी कमी होत गेलेलं दिसतं. पाहणाऱ्याच्या डोळ्यांना ते लगेच कळलं नसेल. तराजूला आणि भट्टीला कळलं.

टर्मिनी स्थानकाजवळच्या पालात्सो मास्सिमो संग्रहालयाच्या तळघरात रोमचा नाणेसंग्रह आहे. तिथे नीरोकडे पाहत राहावं. सुरुवातीच्या नाण्यांवर कोवळा पोरगा. शेवटच्या वर्षांत मान जाड, हनुवटीखाली वळी, कपाळावर केसांची पायऱ्यांसारखी रचना. कोरणाऱ्याने काही लपवलेलं नाही, आणि नीरोनेही लपवायला सांगितलेलं दिसत नाही. काही नाण्यांवर त्याच्या मानेच्या टोकाखाली छोटासा गोल आहे. तो पृथ्वीगोल, नाणं फ्रान्समधल्या लिऑनच्या टांकसाळीत ठोकल्याची ही ओळख.

तळहाताएवढं बंदर

नीरोच्या सेस्टर्शियसमधलं मला सगळ्यांत मोठं वाटतं ते इ.स. ६४ च्या सुमाराचं, ऑस्टियाच्या बंदराचं. पक्षी वरून पाहील तसं बंदर. डावीकडून आणि उजवीकडून कमानीसारखे वळत आलेले दोन धक्के. वरच्या टोकाला दीपस्तंभ, त्यावर पुतळा. तळाशी सुकाणू आणि डॉल्फिन घेऊन पहुडलेला जलदेव. आणि मधल्या पाण्यात जहाजं. काहींची शिडं उभारलेली, काहींची गुंडाळलेली, एखादी वल्ह्यांवर चाललेली. कोरणाऱ्याने दोरसुद्धा सोडलेले नाहीत.

हे बंदर क्लॉडियसने इ.स. ४२ मध्ये बांधायला घेतलं, कारण रोमचं पोट समुद्रापलीकडे होतं. ऑगस्टसच्या काळापासून सुमारे २ लाख नागरिकांना सरकारी धान्य मिळत होतं, आणि ते मुख्यतः इजिप्त आणि उत्तर आफ्रिकेतून येई. जहाजं उशिरा आली की शहरात दंगल. आज क्लॉडियसचं बंदर गाळाने भरून जमीन झालंय. फ्युमिचिनो विमानतळाच्या धावपट्ट्या त्याला लागून आहेत. ट्राजनने मागाहून आत खोदलेल्या षटकोनी कुंडात मात्र अजून पाणी आहे, आणि विमान उतरताना खिडकीतून त्याच्या सहा बाजू स्पष्ट दिसतात. ट्राजनने त्याचंही नाणं काढलं.

आता इतिहासकार टॅसिटस काय सांगतो ते या नाण्याशेजारी ठेवू. इ.स. ६२ मध्ये वादळाने याच बंदराच्या आत, धक्क्यांच्या आसऱ्याला उभी असलेली सुमारे २०० जहाजं बुडाली. आणखी १०० टायबर नदीतून वर आली होती, ती आगीत गेली. शहर धास्तावू नये म्हणून नीरोने जुनं सडलेलं सरकारी धान्य नदीत फेकून दिलं, साठा भरपूर आहे हे दाखवायला. आणि भाव वाढू दिला नाही. त्यानंतर दोनेक वर्षांत हे नाणं. वादळ नाही, आग नाही. रांगेने विसावलेली जहाजं. त्याच सुमारास दुसऱ्या एका सेस्टर्शियसवर धान्याची देवी सेरेस आणि धान्यपुरवठ्याची देवी अनोना समोरासमोर, मधे धान्याचं माप आणि मागे जहाजाची पिछाडी.

ऑस्टियाच्या अवशेषांत नाट्यगृहामागे एक चौक आहे. भोवती व्यापाऱ्यांच्या आणि नावाड्यांच्या पेढ्या, आणि पेढ्यांपुढच्या जमिनीवर काळ्या-पांढऱ्या फरसबंदीची चित्रं: जहाजं, दीपस्तंभ, धान्याची मापं, डॉल्फिन. नाण्यावरची सगळी चिन्हं इथे पायाखाली आहेत. तिथे उभं राहिल्यावर माझ्यापुरता एक प्रश्न मिटला. नाण्यांवरची चित्रं सामान्यांना कळत होती का, यावर अभ्यासकांत जुना वाद आहे. ज्या हमालाने दिवसभर हीच मापं वाहिली त्याला अनोनासमोरचं माप ओळखायला अक्षरं कशाला लागतील?

खजुराखाली बसलेली बाई

पण हेच कसब दुखवायलाही वापरलं गेलं. इ.स. ७० मध्ये जेरुसलेम पडलं, मंदिर जळालं. पुढच्या वर्षीपासून सम्राट व्हेस्पेशियनच्या नाण्यांवर यहुदी प्रांत जिंकल्याचं चित्र येऊ लागलं. मधोमध खजुराचं उंच झाड. उजवीकडे खाली बसलेली बाई, कपाळ तळहातावर टेकलेलं. डावीकडे कधी हात मागे बांधलेला कैदी, कधी भाला घेऊन उभा राहिलेला सम्राट. पुढे त्याचा मुलगा टायटस यानेही हेच चित्र चालवलं. या बाईला नाव नाही, ती म्हणजे अख्खा देश. बाजारात रोज हाताळायच्या नाण्यावर तुमच्या पराभवाचं चित्र, आणि तेच देऊन तुम्ही भाकरी घ्यायची. रोमन नाण्यांतलं हे सगळ्यांत क्रूर चित्र आहे, असं मला वाटतं. कुणाचं मुंडकं तुटलेलं न दाखवता ते क्रूर आहे.

त्याला उत्तर मिळायला साठ वर्षं लागली. इ.स. १३२ ते १३५ या काळात बार कोखबाच्या नेतृत्वाखाली यहुदींनी उठाव केला. त्यांच्याकडे नाणी पाडण्याइतका धातू नव्हता. होती ती रोमन नाणीच. त्यांनी ती घेतली. पितळी-तांब्याच्या नाण्यांवरचे सम्राट कानशीने घासून सपाट केले आणि त्याच चकत्यांवर नवे ठसे मारले: द्राक्षाचं पान, जुन्या हिब्रू लिपीतली जेरुसलेमच्या मुक्तीची घोषणा, आणि खजुराचं झाड. या वेळी झाडाखाली रडणारी बाई नाही. काही नाण्यांवर घासायचा राहून गेलेला सम्राटाचा एखादा अवयव किंवा ग्रीक अक्षर अजून खालून डोकावतं.

याच काळात सम्राट हेड्रियनने प्रांतांची चित्रं बदलायला घेतली होती. त्याने जवळजवळ सारं साम्राज्य पालथं घातलं, आणि नाण्यांवर प्रांतामागून प्रांत आणला: डोक्यावर हत्तीचं कातडं घेतलेली आफ्रिका, खडकांवर टेकलेली ब्रिटानिया. त्याच्यानंतरच्या अँटोनायनस पायसच्या आसवर ब्रिटानिया पुन्हा येते, इ.स. १५४-५५ मध्ये, मान झुकवून, हात डोक्याशी नेऊन. उत्तर इंग्लंडमध्ये हेड्रियनच्या भिंतीलगत कॅरॉबरा इथे कोव्हेंटिना या जलदेवीचं कुंड आहे. ते १८७६ मध्ये उपसलं, तेव्हा हजारो नाणी निघाली; त्यांत हे ब्रिटानियाचे आस शेकड्यांनी होते. बाजारात चालणारी चिल्लर लोकांनी देवीच्या पाण्यात सोडली होती. पुढे १६७२ मध्ये दुसऱ्या चार्ल्सने ब्रिटानियाला इंग्लंडच्या तांब्याच्या नाण्यांवर परत बसवलं, आणि पराभूत प्रांताची ती आकृती राज्याची अभिमानमूर्ती झाली.

छिन्नी, तापलेली मूस आणि अंगठा

एपिक्टेटस हा तत्त्वज्ञ जन्माने गुलाम. माणसाच्या स्वभावाची परीक्षा कशी करावी हे शिष्यांना सांगताना तो सेस्टर्शियसचं उदाहरण घेतो. यावर ठसा कुणाचा? ट्राजनचा असेल तर घ्यावं. नीरोचा असेल तर फेकून द्यावं, ते कुजकं. ऐकणाऱ्यांना हे पटणार असं गृहीत धरूनच तो बोलतो आहे. नाण्यावरचा चेहरा कुणी पाहतच नसे, असं म्हणणाऱ्यांना यापेक्षा चांगलं उत्तर मला सापडलं नाही.

नीरोचं राज्य इ.स. ६८ मध्ये कोसळत असताना त्याच्या नाण्यांवर मानेवरच नवा शिक्का मारलेला दिसतो: रोमचं सिनेट आणि जनता यांची चार आद्याक्षरं. नाणं बाद करायचं नाही, धातू वाया घालवायचा नाही. मालक तेवढा बदलायचा. आपल्याला यात अनोळखी काही नाही. नाशिकजवळ जोगळटेंभी इथे १९०६ मध्ये क्षत्रप राजा नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला, १३ हजारांहून अधिक. त्यांतल्या दोन तृतीयांशांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप नहपानाच्या चेहऱ्यावरून मारलेला आहे.

कॅलिग्युलाने सेस्टर्शियसवर आपल्या तीन बहिणी आणल्या: अग्रिपिना, ड्रुसिला, ज्युलिया, तिघींची नावं वर लिहिलेली. एकीला सुरक्षेची देवी केलं, दुसरीला ऐक्याची, तिसरीला भाग्याची. रोमन नाण्यांवर सम्राटाच्या हयात नातलग स्त्रिया अशा नावानिशी पूर्वी आल्या नव्हत्या. वर्षभरात ड्रुसिला वारली, आणि पाठोपाठ उरलेल्या दोघींना त्याने हद्दपार केलं. त्याच्या खुनानंतर सिनेटने त्याचा चेहरा असलेली पितळी-तांब्याची नाणी वितळवायचा ठराव केला, असं इतिहासकार कॅसियस डायो लिहितो. आणि त्या धातूतून सम्राज्ञी मेसालिनाने म्नेस्टर या नटाचे पुतळे करवून घेतले, असंही.

याहून बोलकी आहे ती हाताने केलेली खाडाखोड. स्पेनमधल्या बिल्बिलिस गावाने इ.स. ३१ मध्ये टायबेरियस आणि त्याचा उजवा हात सेजेनस या दोघांच्या कॉन्सलपदाचं नाणं काढलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात सेजेनसला मारलं. त्यानंतर कुणीतरी, गावोगावच्या बाजारात, सेजेनसचं नाव छिन्नीने तासलं. अशी तासलेली नाणी आज संग्रहांत आहेत. कॅराकॅलाने २११ मध्ये सख्खा भाऊ गेटा याला ठार केलं, तेव्हा आशिया मायनरमधल्या पर्गमम आणि स्ट्रॅटोनिसिआ या शहरांच्या मोठ्या नाण्यांवरही हेच झालं. दोघे भाऊ समोरासमोर कोरलेले. एक जसाच्या तसा, दुसऱ्याच्या जागी घासून काढलेला सपाट खड्डा. हे हुकमाने झालं की भीतीने, ते प्रत्येक नाण्यागणिक वेगळं असेल.

सैनिकांची चिल्लर तर इतिहासाची साक्षीदारच ठरली. जर्मनीत इ.स. ९ मध्ये रोमन सेनापती व्हारसच्या तीन पलटणी जंगलात कापल्या गेल्या, पण ती जागा शतकानुशतकं सापडत नव्हती. ओस्नाब्रुकजवळ काल्क्रीझे इथे १९८७ पासून जे सापडत गेलं, त्यात आसवर मारलेले व्हारसच्या नावाचे शिक्के आहेत, आणि इ.स. ९ च्या पुढचं नाणं त्या रणभूमीच्या अवशेषांत नाही. लढाईची जागा ठरवताना या चिल्लरीची साक्ष मोलाची ठरली.

आणि खेळ. रोमच्या जुन्या ओतीव आसवर एका बाजूला दोन तोंडांचा जेनस देव होता, दुसऱ्या बाजूला जहाजाची नाळ. पोरं नाणं उडवून ‘डोकं की जहाज’ असा पुकारा करत. रोमन लेखक मॅक्रोबियस सांगतो की त्याच्या काळीही, म्हणजे पाचव्या शतकात, मुलं तसंच ओरडत. नाण्यांवरून ते जहाज जाऊन कित्येक शतकं झाली होती.

पितळ संपलं, मुलामा उरला

तिसऱ्या शतकात सीमेवर युद्धं आणि गादीवर सतत नवा माणूस. चांदीचं म्हणवणारं मोठं नाणं दोन-तीन टक्के चांदीवर आलं. तांब्याच्या चकतीवर पातळ मुलामा, महिन्याभरात बोटांना लागून निघून जाणारा. गंमत अशी उलटली की सेस्टर्शियस, जे खरंखुरं धातूचं होतं, ते या मुलाम्याच्या नाण्यांहून धातू म्हणून महाग पडू लागलं, आणि २६० च्या दशकात ते टांकसाळीतून जवळजवळ बाहेरच पडेनासं झालं.

या पडझडीत एक हृद्य मालिका आहे. सम्राट गॅलिएनसने कारकिर्दीच्या शेवटी, २६७-६८ मध्ये, नाण्यांवर जनावरं आणली. हरीण, काळवीट, चित्ता, ग्रिफिन, नरतुरंग; आणि प्रत्येकासोबत एका देवाला सम्राटाच्या रक्षणाची विनवणी. डायनाला हरीण, बॅकसला चित्ता. ठसे घाईचे, चकत्या वेड्यावाकड्या, बऱ्याचदा अर्धी अक्षरं काठाबाहेर. तरी ते मान वळवून मागे पाहणारं हरीण पाहिलं की कोरणाऱ्याचा हात शाबूत होता हे कळतं.

इंग्लंडमध्ये सॉमरसेट परगण्यात फ्रोमजवळच्या शेतात २०१० मध्ये याच काळातली नाणी एका मडक्यात मिळाली: ५२,५०३, वजन सुमारे १६० किलो. उत्खनन थरांथरांनी केलं, तेव्हा सगळ्यांत उशिराची, सम्राट कॅरॉसियसची, नाणी निम्म्याच्याही खाली मिळाली. म्हणजे मडकं वर्षानुवर्षं भरत गेलेलं नव्हतं. एकाच वेळी रिकाम्या मडक्यात ओतलं होतं. मडकं इतकं पातळ की भरल्यावर उचललं असतं तर फुटलंच असतं. ही पुंजी परत काढायला पुरलेली नसून देवाला वाहिलेली असावी, असं मत त्यावरून पुढे आलं.

कॉन्स्टंटाइनच्या घराण्याची नाणी बोटाच्या नखाएवढी होत गेली. त्यांवर रोम्युलस-रीमसला पाजणारी लांडगी आहे, आणि दोन सैनिक आहेत. आधी त्यांच्यामधे दोन ध्वज, वजन घटलं तेव्हा एकच.

आपल्या बाजूचा समुद्र

कोल्हापुरात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकात कांस्याची भांडी आणि मूर्ती मिळाल्या. त्यांतला पोसायडन आज तिथल्या टाऊन हॉल संग्रहालयाचं भूषण आहे. वीतभराहून लहान, एक हात उंचावलेला. त्या हातात कधीकाळी त्रिशूळ होता. ज्या देवाला रोमन नेपच्यून म्हणत आणि ज्याला त्यांनी ऑगस्टसचा सेनापती अग्रिपा याच्या आसवर त्रिशूळ-डॉल्फिन देऊन उभं केलं, तोच हा. काचेपलीकडे त्याच्याकडे पाहताना मला ऑस्टियाचं नाणं आठवल्यावाचून राहिलं नाही. हा देव सह्याद्री चढून आला.

रोमन चिल्लर मात्र सुरुवातीच्या शतकांत इकडे फारशी आली नाही. ‘पेरिप्लस’ या ग्रीक मार्गदर्शिकेत भडोचच्या बंदरात रोमन सोन्या-चांदीच्या नाण्यांना नफ्याचा भाव मिळतो, अशी नोंद आहे. व्यापाऱ्याने समुद्र ओलांडून आणावं असं तांब्यात काही नव्हतं. चित्रं मात्र आली. तक्षशिलेच्या बाजूला कुषाण राजा कुजुल कडफिसेसने तांब्याच्या नाण्यावर थेट रोमन सम्राटाच्या धर्तीचं मस्तक घेतलं. दख्खनमध्ये कोंडापूरसारख्या ठिकाणी रोमन नाण्यांच्या मातीच्या प्रतिकृती मिळतात, गळ्यात घालायच्या. ज्यांना सोन्याचा टायबेरियस परवडत नव्हता त्यांनी मातीचा घातला.

तांबं आलं ते उशिरा, चौथ्या-पाचव्या शतकात, आणि दक्षिणेकडे. तमिळनाडूत करूरजवळ अमरावती नदीच्या पात्रात, मदुराईत, अलगनकुळममध्ये, आणि श्रीलंकेत तर हजारोंनी, ही नखाएवढी रोमन नाणी मिळतात. बहुतेक गुळगुळीत झालेली, म्हणजे ती इथल्या बाजारात हातोहात फिरली. आणि रोमकडून येणारा पुरवठा पुरेना तेव्हा इथल्या कारागिरांनी स्वतःच तशी पाडायला घेतली. त्यांवर सम्राटाचं डोकं चार-पाच रेषांत आहे, लॅटिन अक्षरांच्या जागी नुसते ठिपके आणि उभ्या रेघा. दुकानदारांनी ती घेतली, गिऱ्हाइकांनी दिली, आणि ती अस्सल नाण्यांच्या सोबतीने चालत राहिली.